माउसला हात लावू नकोस

अगं, तुझा मेसेज वाचला. तुम्ही सहा-सात जण मिळून नाशिकच्या सातपूरकडे पोरांना आणि त्यांच्या घरच्यांना कॉम्प्युटर दाखवायला जाणार, भारीच. सिलॅबस मागितलायस पण तो काही मी देणार नाही, तुम्ही केलेला असेलच आणि पहिल्या अर्ध्या तासात गुंडाळून ठेवाल.

एकच सांगते, पोराच्या माउसला हात लावू नकोस. मी पहिल्यांदा गेले तेव्हा पाचवीतल्या एकाला स्क्रॅचमधलं (ब्लॉक जोडून प्रोग्राम करायचं पोरांचं सॉफ्टवेअर) मांजर कडेला आपटून परत फिरवायचं होतं, त्याला तो ब्लॉक काही सापडेना, मागे अजून तिघं उभे, मग मी म्हटलं सरक जरा, आणि खटाखट तीन ब्लॉक लावून दिले. मांजर फिरलं. आई न्यायला आली, काय केलंस रे आज, तर म्हणतो, "मी नाही, ताईंनी केलं." तेव्हापासून मी हात पाठीमागे धरून उभी राहते, हसू नकोस, तूही तेच कर. "आता काय होईल वाटतं?" एवढं विचारायचं आणि गप्प बसायचं. गप्प बसणं कोडिंगपेक्षा अवघड आहे, विशेषतः तुला.

स्क्रॅच घरूनच पेनड्राइव्हवर नेऊन ऑफलाइन टाक, शाळेच्या नेटवर भरवसा ठेवू नकोस. लाइटवरही नको. एका शाळेत लॅबची किल्ली ज्या सरांकडे ते रजेवर, दुसरीकडे ऐन वेळी लाइट गेली, समोर चाळीस माणसं. तेव्हा पिशवीतले पत्ते कामी आले. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर टिकल्या चिकटवलेले पाच पत्ते, 16, 8, 4, 2 आणि 1. (खेळ माझा नाही, न्यूझीलंडच्या टिम बेल वगैरे मंडळींच्या सीएस अनप्लग्डमधला आहे, म्हणजे कॉम्प्युटरशिवाय कॉम्प्युटर शिकवायचे खेळ, टिकल्या मात्र माझ्या.) पाच पोरं ओळीत उभी करायची, पत्ता एकतर उघडा नाहीतर पालथा, तिसरं काही नाही. उघड्या पत्त्यांच्या टिकल्यांची बेरीज करायची, सगळे उघडे तर 31, म्हणजे महिन्यातली कुठलीही तारीख बसते. प्रत्येकाने आपला वाढदिवस लावायचा. 13 वाली पोरगी 8, 4, 1 उघडते, आणि तिला कळतं की मशिनच्या पोटात चालू-बंद एवढंच चाललेलं असतं.

मग घरच्यांना बोलाव. एक आजी उठल्या, वाढदिवस 1 जून. शेवटचा पत्ता उघडा, बाकी पालथे. मागून दुसऱ्या म्हणाल्या माझा पण 1 जून, मग तिसरे आजोबा, अख्खी खोली हसायला लागली, सगळ्यांच्या तारखा शाळेत नाव घालताना गुरुजींनीच लावलेल्या. त्या आजी दाराजवळ चप्पल घालूनच बसल्या होत्या, त्यानंतर त्यांनी चप्पल काढली.

आयांना मांजरात इंटरेस्ट नसतो, त्या मोबाइल पुढे करतात. बघ, पण तिथेही फोन त्यांच्याच हातात राहू दे. पैसे येणार असतील तर यूपीआय पिन टाकावा लागत नाही, पिन मागितला की पैसे जाणार, हे प्रत्येकीकडून एकदा वदवून घे. फसवणूक झालीच तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन. एवढं पुरे, डिजिटल इंडियावर भाषण नको.

वेळ ठरवताना घरी काय चालू आहे ते विचार. कंपनीत शिफ्टवाल्यांची सुट्टी रविवारीच असेल असं नाही, आणि पुढे दिंडोरीकडे जायचं म्हणताय तर द्राक्षं काढायच्या दिवसांत, जानेवारी ते मार्च, कोणी फिरकणार नाही.

एक्स्टेन्शन बोर्ड स्वतःचा ने. पत्ते नव्याने करत बसू नकोस, माझेच घेऊन जा, 16 वाल्याच्या दोन टिकल्या गळल्यात तेवढ्या लावून घे.