आजच्यापुरती

प्रिय मुली,
प्रभू येशूच्या नावात सलाम.

परवा उपासना सुटल्यावर चपला शोधता शोधता तू विचारलंस, "सर, रोज प्रार्थना करते तरी भीती जात नाही. माझा विश्वास कमी पडतोय का?" मागे लोक होते. "बोलू" म्हणून मी सुटलो, पण तेव्हापासून मला चैन नाही.

तुझा भाऊ मर्चंट नेव्हीत, जहाज तांबड्या समुद्राच्या वाटेवर. 2023 च्या नोव्हेंबरपासून तिथे जहाजांवर कसे हल्ले झाले ते मीही वाचलंय. तेव्हा घाबरू नकोस असं म्हणणार नाही. क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत खुद्द प्रभू व्याकूळ झाला, "हा प्याला माझ्यापासून दूर कर" म्हणाला. त्याचा विश्वास कमी होता का? मग तो प्रश्न पुन्हा काढायचा नाही.

पण रात्री दोन-दोनदा उठून फोनवर जहाजाचा ठिपका बघतेस, ते मला पटत नाही. ठिपका हलला की हुश्श, थांबला की रडू. आणि देव राखील म्हणणारं 91 वं स्तोत्र स्टेटसला! ते काय तावीज आहे? मंदिराच्या शिरोभागी उभं करून सैतानानं प्रभूला तेच स्तोत्र ऐकवलं होतं.

हाच तांबडा समुद्र ओलांडून इस्राएल लोक रानात आले, तेव्हा देवानं मान्ना दिला, आकाशातून पडणारं अन्न. माणशी एक ओमर, म्हणजे एक माप, त्या दिवसापुरता. काहींनी सकाळसाठी राखून ठेवला, तर त्यात किडे पडले, घाण सुटली. शांतीचंही तसंच. ती आजच्यापुरती मिळते. "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे." आज, मुली. भाऊ घरी येईपर्यंतची सगळी शांती तू एकदम मागतेस.

हे मी कुठे शिकलो ते सांगतो. एप्रिल 2021. गावात ऑक्सिजन मिळेना. आमच्या पलंगाखाली भरलेला सिलिंडर होता, गोधडीत गुंडाळलेला. हिला दमा, म्हणून आधीच आणून ठेवला होता. एका रात्री शेजारचा मुलगा दारात आला. वडिलांचा श्वास लागलेला. मी म्हणालो, "बघतो कुठे मिळतो का." दार लावलं आणि गुडघे टेकले, तर पाय त्या सिलिंडरला लागला. त्या रात्री एक शब्द फुटला नाही. त्यांना पहाटे दुसरीकडून मिळाला, ते वाचले. आमचा सिलिंडर तसाच भरलेला राहिला.

हिला खरंच दमा आहे. त्या दिवसांत कोणीही हेच केलं असतं. असं मी स्वतःला किती वर्षं सांगतोय. पण उद्यासाठी साठवलं आणि आजची शांती गमावली, एवढं खरं. म्हणून मी हट्टानं एकच सांगतो, तुला कंटाळा आला तरी सांगतो : आजच्यापुरतं माग, आणि आज हाताशी असलेलं काम कर.

पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 मध्ये गेली. बाईंची स्वतःची तब्येत खचलेली. तरी केडगावात बायबलचं मराठी भाषांतर त्यांनी हातातून सोडलं नाही. 1922 च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, पण भाषांतर पुरं करून. त्यांना रडू येत नसेल का? येतच असेल. पण सकाळी उठून पुढची ओळ लिहायची होती.

तुझी आजची ओळ कोणती? आई दोन दिवस नीट जेवली नाही, हे तूच बोललीस. तिच्याजवळ बस, तिला जेवू घाल. रात्री दहाला फोन ओट्यावर ठेवून दे. भावाचं नाव घेऊन प्रार्थना कर, त्या एका रात्रीपुरती. उद्या पुन्हा कर. जमणार नाही असं मला सांगू नकोस, करून बघ.

शेजारच्यांना मी ती गोष्ट अजून सांगितलेली नाही. रोज उद्यावर टाकतो. आज संध्याकाळी जाणार आहे, तेवढं माझ्यासाठी मागशील?

भावाचा फोन आला की मला कळव, कितीही वाजता.

तुझा,
शब्बाथ शाळेतला सर