क्रुसेड म्हणजे धर्मयुद्ध?

प्रश्न असा आला आहे: "मुलीच्या इतिहासाच्या पुस्तकात क्रुसेडला 'धर्मयुद्ध' म्हटलंय. कुरुक्षेत्रावरच्या लढाईलाही आपण धर्मयुद्धच म्हणतो. दोन्हींना एकच शब्द कसा? आणि लिहायचं कसं, क्रुसेड की क्रूसेड?"

क्रुसेड म्हणजे मध्ययुगात युरोपातल्या ख्रिस्ती फौजांनी पोपच्या हाकेवर काढलेल्या स्वाऱ्या. त्यांना 'धर्मयुद्ध' हा शब्द रूढ झालाय, त्यामुळे चूक म्हणवत नाही. पण खटकतो खरा. संस्कृतातलं धर्मयुद्ध म्हणजे नियम पाळून केलेलं युद्ध. विषारी बाण वापरू नयेत, हात जोडून उभा असलेल्याला मारू नये, असले नियम मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात आहेत. भीमाने दुर्योधनाच्या मांडीवर गदा हाणली तेव्हा बलराम नांगर उगारून धावला, तो कमरेखाली वार केला म्हणून. समोरच्याचा देव कोणता, हा प्रश्न तिथे कुणाच्या डोक्यातही नव्हता. या कसोटीवर १५ जुलै १०९९ला जेरुसलेम घेतल्यावर क्रुसेडवाल्यांनी मुसलमानांची आणि यहुद्यांची जी कत्तल केली, तिला धर्मयुद्ध कोण म्हणेल?

बरं, 'धर्मासाठी युद्ध' असा अर्थ घेतला तरी तो पुरा बसत नाही. १२०४मध्ये चौथ्या क्रुसेडच्या फौजेने लुटलं ते कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे ख्रिस्ती सम्राटाची राजधानी. १२०९पासून वीस वर्षं दक्षिण फ्रान्समध्ये क्रुसेड चाललं ते चर्चने पाखंडी ठरवलेल्या कॅथर पंथीयांवर.

मग या सगळ्यांना बांधणारं काय? पोपचं आवाहन, नवस आणि खांद्यावर शिवलेला कापडी क्रूस. पोप दुसरा अर्बन याने २७ नोव्हेंबर १०९५ला फ्रान्समधल्या क्लेरमाँला हाक दिली, तेव्हा 'क्रुसेड' हा शब्द नव्हताच. जाणारे लोक लॅटिनमध्ये याला 'यात्रा', 'प्रवास' या अर्थाचे शब्द वापरत. निघणारा माणूस 'क्रूस घेई'. आपल्याकडे माळ घालतात ना, त्याच धर्तीचा हा वाक्प्रचार. एकदा घेतला की मागे फिरणं अवघड, नवस मोडला तर चर्चच्या बहिष्काराची भीती. (तेराव्या शतकात पैसे भरून नवसातून सुटायची सोयही झाली.) यावरूनच पुढे फ्रेंच 'क्रुआसाद', स्पॅनिश 'क्रुसादा' आणि इंग्रजी 'क्रुसेड' आले. जर्मनमध्ये याला चक्क 'क्रूस-स्वारी' अशा अर्थाचा जोडशब्द आहे. मला तो फार आवडतो. मराठीत स्वारी आणि मोहीम हे दोन्ही शब्द तयार असताना आपण 'क्रूसमोहीम' का म्हणू नये?

क्रूस आपल्याला परका नाही. तो पोर्तुगीज 'क्रुश'वरून आला, गोव्याच्या कोंकणीत त्याचा 'खुरीस' झाला. सांताक्रूझमधलाही तोच.

ज्यांच्यावर स्वाऱ्या झाल्या ते काय म्हणत होते? त्या काळचे अरब बखरकार क्रूसाचं नाव युद्धाला देत नाहीत. 'सलीबी युद्धं' (सलीब म्हणजे क्रूस) ही अरबी संज्ञा बरीच नंतरची, एकोणिसाव्या शतकातली. ते लिहीत 'फिरंज' आले, फिरंजांनी शहर घेतलं. फिरंज म्हणजे फ्रँक, पश्चिम युरोपातले एक लोक. शब्द अरबीत आधीपासून होता, पण क्रुसेडच्या साधारण दोनशे वर्षांत पश्चिमेकडून येणाऱ्या सगळ्यांनाच तो चिकटला. फारसीतून तो आपल्याकडे आला तो 'फिरंगी' होऊन. पोर्तुगीज फिरंगी, त्यांच्या ताब्यातला वसई-साष्टीचा मुलूख फिरंगाण, युरोपीय पात्याची सरळ तलवार फिरंग. 'भावप्रकाश' या आयुर्वेदाच्या ग्रंथात तर एका गुप्तरोगालाच 'फिरंग रोग' म्हटलंय!

ऱ्हस्व-दीर्घाचं उत्तर सोपं. 'क्रूस' अकारान्त, म्हणून उपान्त्य ऊकार दीर्घ. पण पुढे अक्षर वाढलं की 'क्रुसावर', 'क्रुसाला' असा ऱ्हस्व होतो. त्याच चालीने 'क्रुसेड' लिहावं. आणि पुस्तकात धर्मयुद्ध छापलंय तर मुलीने परीक्षेत तेच लिहावं, मार्क त्यालाच आहेत.