उपवासकाळातला कोरा कागद

‘मावशी, ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला तेव्हा आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीत, माणशी एकेक कागद वाटला. चाळीस दिवसांत केलेली दयेची कामं त्यावर लिहायची आणि पवित्र गुरुवारी चर्चमध्ये वेदीपाशी ठेवायचा. माझी जाऊ गरिबांना मदत करणाऱ्या व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीत आहे. तिचा कागद दोन्ही बाजूंनी भरला, माझा कोराच आहे. दीड वर्षापूर्वी सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून मी घराबाहेर पडत नाही, चर्चमधली मिस्सासुद्धा मोबाइलवर ऐकते. दिवसभर त्यांचंच करते, पण खरं सांगू, पुष्कळदा चिडून करते. वेणी घालून झाली की त्या माझ्या गालाला हात लावतात आणि नाव जावेचं घेतात. उन्हातून आलेल्या कुरियरच्या मुलांना पाणी देते. एका विधवा मैत्रिणीला रात्री फोन करते. शेजारीण “आजच्या दिवस बघशील का?” म्हणून दोन मुलं सोडून गेली, ती आता रोज चार ते आठ माझ्याकडेच असतात. नवरा म्हणतो, तू काय मदर तेरेसा लागून गेलीस का? यातलं काही दयेत धरायचं, की हा नुसता संसार? आणि शेजारणीला नाही म्हटलं तर ख्रिस्ती माणसाला ते शोभेल का?’
– वसईची एक बहीण

प्रिय लेकी,

नवऱ्याच्या बोलण्यापासूनच सुरुवात करते. चिडवायला का होईना, त्याने अगदी योग्य नाव घेतलंय. मदर तेरेसांचं घरचं नाव अ‍ॅग्नेस. व्रतस्थ झाल्यावर त्यांनी तेरेसा हे नाव घेतलं ते फ्रान्समधल्या लिझ्यूच्या संत तेरेजेवरून. ही तेरेजा पंधराव्या वर्षी सिस्टरांच्या कार्मेल मठात गेली आणि १८९७ साली, चोविसाव्या वर्षी, क्षयाने तिथेच वारली. मधली नऊ वर्षं तिने मठाच्या आवारातच काढली. तरी १९२७ साली पोपमहाशयांनी तिला साऱ्या मिशनकार्याची आश्रयदाती संत ठरवलं, तेही संत फ्रान्सिस झेवियरच्या जोडीला. एकाने गोव्यापासून जपानपर्यंत समुद्र पालथा घातला, दुसरीने उंबरठासुद्धा ओलांडला नाही, आणि चर्चने दोघांना शेजारीशेजारी बसवलं.

मठात तिने काय केलं, तेही ऐक. तिथे सेंट पियेर नावाची एक म्हातारी, आजारी सिस्टर होती. संध्याकाळी सहाला दहा मिनिटं कमी असताना तिला प्रार्थनेतून उठवून जेवणघरात न्यायचं काम तेरेजेने मागून घेतलं. म्हातारीला खूश ठेवणं कुणाच्या बापाला जमत नसे. तिचं बाकडं ठरावीक पद्धतीनेच उचलायचं, कमरेच्या पट्ट्याला धरून मागून चालायचं. जरा भरभर गेलं की ही मला पाडणार, सावकाश गेलं की हिचा हात कुठाय, आणि वर, एवढ्या लहान मुलीला हे जमायचं नाही म्हटलंच होतं मी! जेवणघरात बसवून, तिच्या बाह्या तिला हव्या तशा दुमडून दिल्या की तेरेजेचं काम संपायचं. पण म्हातारीला वाडग्यात पाव कुस्करता येत नाही, हे थोड्याच दिवसांत तिच्या लक्षात आलं. मग रोज पाव कुस्करून द्यायचा, एकदा छान हसायचं आणि मगच जायचं, असं तिने ठरवलं. कुणी सांगितलं नव्हतं. त्या पावाने आणि हसण्याने म्हातारी पार विरघळली. आणि हो, हे काम आपल्याला सुरुवातीला नकोसं वाटत होतं, असं तेरेजेनेच लिहून ठेवलंय.

म्हणून चिडचिडीचं ओझं तू जिवाला लावून घेऊ नकोस. रात्री तीनला उठून अंथरूण बदलणाऱ्या बाईला चीड येणारच. माझ्या मते प्रश्न चीड आली का हा नाहीच, ती सासूबाईंच्या अंगावर निघाली का, एवढंच बघायचं. निघाली असेल, हात जोरात ओढला गेला असेल, तर तिथेच ‘चुकलं माझं, आई’ म्हण. त्यांना नीट बोलता येत नाही म्हणून कळत नाही असं समजू नकोस.

नावाचं मात्र तू उगीच मनाला लावून घेतलंस. झटक्यानंतर पुष्कळांचं असं होतं. मनात एक शब्द असतो, तोंडातून दुसराच बाहेर पडतो. डॉक्टरांना विचार, तेही सांगतील. हात तुझ्या गालाला लागतो ना? मग नावाकडे लक्ष देऊ नकोस.

आता कागद. बायबलात मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या न्यायाचं वर्णन आहे, ते आज सावकाश वाच. न्याय करणारा राजा, म्हणजे ख्रिस्त, मोजून सहा गोष्टी विचारतो. भुकेल्याला खायला दिलं का, तान्हेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची काळजी आणि तुरुंगातल्याची भेट. या यादीत दूरची वस्ती लागतेच असं कुठे म्हटलंय? तुझ्या घरात आजारी माणूस आहे आणि दारात तान्हेलेली मुलं येतात. शिवाय ज्यांना राजा शाबासकी देतो त्यांना आपण काही केल्याचं आठवतसुद्धा नाही. ‘प्रभू, आम्ही तुला कधी पाहिलं?’ असं ते विचारतात. तेव्हा कागद लिहायचा तर लिही, नाहीतर कोराच वेदीपाशी ठेव. मी असते तर कोरा ठेवला असता.

पण जावेचं काम मनात उणं करू नकोस. फ्रेडरिक ओझानाम नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १८३३ साली पॅरिसमध्ये मित्रांबरोबर ही सोसायटी सुरू केली. गरजवंताच्या घरी स्वतः जाऊन भेटायचं, ही तिची रीत पहिल्यापासूनची आहे. मग मला सांग, तुझी जाऊ ज्या घरांना भेटी देते त्यांच्यात तुझं घर का नसावं? तिला कुणी विचारलंय का? पत्रात तू तिचा कागद दोन्ही बाजूंनी भरल्याचं सांगितलंस, पण ‘आईंजवळ दोन तास बसशील का?’ असं तिला म्हटल्याचं कुठे दिसलं नाही. सासू तिचीही आहे.

येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीत वाटेत जखमी पडलेल्या परक्या माणसाला तो मदत करतो. त्यातलं आपण जखमा बांधणं, तेल आणि द्राक्षारस, गाढवावर बसवणं एवढंच लक्षात ठेवतो. दुसऱ्या दिवशी तो उतारशाळेच्या मालकाच्या हातावर दोन दिनार ठेवतो, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, ‘याला सांभाळ, जास्त लागले तर परत येताना देईन’ म्हणतो आणि आपल्या वाटेला लागतो. त्याने काम वाटून दिलं आणि त्यामुळे त्याची दया कमी ठरली नाही. येशूनेच तो नमुना म्हणून दिलाय.

शेजारणीचं उत्तर यातच आहे. नाही म्हणण्याआधी एकदा तिला घरात बसव, चहा दे आणि विचार, चार ते आठ तुझी अडचण काय आहे? नोकरीवरून विरार लोकलने लोंबकळत येत असेल तर गोष्ट वेगळी, घरीच असेल तर वेगळी. मग स्वच्छ सांग : ‘बुधवारी आणि शुक्रवारी मी मुलांना बघेन, बाकीच्या दिवसांची सोय तू कर. आणि आठवड्यातून एकदा तासभर आईंजवळ बस, मला बाजार करायचा असतो.’ आवाज चढवू नकोस आणि सतरा कारणंही देऊ नकोस. ती रुसेल कदाचित. रुसू दे. मनात कुढत दुसऱ्याची मुलं सांभाळण्यापेक्षा मुलांच्या दृष्टीनेही हे बरं, कारण बाई कुढतेय हे मुलांना आधी कळतं.

मैत्रिणीचा रात्रीचा फोन मात्र सोडू नकोस. नवरा गेल्यावर घरात रात्रीचं बोलायला कुणी नसणं काय असतं, ते मला माहीत आहे.

आणि तुझ्यासाठी. बायबलातला एलिया संदेष्टा थकून झुडपाखाली आडवा झाला आणि ‘आता मरण दे’ म्हणाला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई उशाशी ठेवली, खाऊन झोपू दिलं आणि पुन्हा उठवून पुन्हा खायला घातलं. तुला आत्ता तेच हवंय. फादरांना निरोप पाठव की आमच्या घरी आजारी माणूस आहे, पवित्र कम्युनियनचा प्रसाद घरी आणाल का? सासूबाईंबरोबर तुलाही मिळेल. नवऱ्याला सांग, आठवड्यातल्या दोन रात्री आईंच्या खोलीत तो झोपेल. आई त्याची आहे, त्यात उपकार कसले.

या रविवारी जावेला साडेसहाला बोलाव. लंगोट कुठे ठेवलेत, गोळी किती वाजताची, पाणी चमच्याने कसं द्यायचं, एवढं दाखव आणि मिस्साला जा. मिस्सा सुटल्यावर धावत घरी येऊ नकोस. आवारात बायका बोलत उभ्या असतात, त्यांच्यात थोडी थांब.

तुझी,
मावशी