दूध आटलंय, पाळीचा पत्ता नाही, मग दूध वाढवायची पावडर घेऊ का?

हा प्रश्न माझ्याकडं इतक्या बायका घेऊन येतात की एकदा नीट लिहूनच काढावं म्हटलं. मी परभणी भागात स्तनपान समुपदेशनाचं काम करते. खाली सांगतेय ती गोष्ट त्या बाईला विचारूनच सांगतेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

लेकरू आठ महिन्यांचं. सोबत सासूबाई, त्यांच्या पिशवीत स्टीलचा डबा आणि डब्यात मेथीचे लाडू, मला दाखवायलाच आणलेले. अळीवाची खीर रोज चालू होती, वरून मेडिकलमधून आणलेली दूध वाढवायची पावडर. सासूबाई म्हणाल्या, "म्याडम, सगळं करून बघितलं, हिला दूधच येईना झालंय." बिचाऱ्या मनापासून करत होत्या, त्यांना बोल लावण्यासारखं काहीच नव्हतं. लेकरू तिथंच अंगावर घेतलं तर दोन घोट ओढलं की तोंड बाजूला करायचं, रडायचं, परत ओढायचं, आणि ते ओढायला लागलं की हिचा चेहरा आक्रसायचा. मी विचारलं, दुखतंय का? तर म्हणे, "आधी कधीच दुखलं नाही ताई, आता पंधरा दिवस झाले चिमटे काढल्यासारखं होतंय." आठ महिने नीट पाजलेल्या बाईला अचानक असं दुखायला लागलं की माझ्या मनात पहिली शंका दिवस गेल्याचीच येते. सासूबाई लेकराला घेऊन बाहेर गेल्या तशी ती हळूच म्हणाली, "सकाळी मळमळायलंय. पण बाळंत झाल्यापासून पाळीच आली नाही मग दिवस कसे जातील?"

इथंच बहुतेक जणी फसतात. अंगावर पाजल्यानं दिवस राहत नाहीत हे खरं आहे पण तीन अटींवर, बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं, पाळी परत आलेली नसावी आणि बाळाला रात्रंदिवस फक्त आईचंच दूध चालू हवं, पाणीसुद्धा नाही. हे तिन्ही असेल तर भरवसा ९८ टक्के. यातली एक जरी अट सुटली तरी तो भरवसा गेला. आणि बीज पाळीच्या आधी सुटतं, म्हणजे बाळंतपणानंतरची पहिली पाळी दिसायच्या आधीच दिवस जाऊ शकतात, हिचं लेकरू तर वरणभात खायला लागलं होतं.

म्हणून मी तिला म्हटलं की आधी टेस्ट, दूध वाढवायचं नंतर बघू, आणि तोवर पावडर बंद. आशाताईंकडं निश्चय किट फुकट मिळतं, मेडिकलमधलंही चालतं. सकाळची पहिली लघवी घ्यायची, दुसरी रेघ फिकट आली तरी दिवस गेलेत असंच समजायचं. पाळीच येत नसेल तर दिवस मोजायचे कुठून, तर शेवटचा संबंध आल्यापासून २१ दिवस झाले की टेस्टवर विश्वास ठेवता येतो, त्याआधी केलेली टेस्ट निगेटिव्ह आली तर आठवड्यानं परत करायची.

तिची टेस्ट पॉझिटिव्ह आली. सोनोग्राफीत अडीच महिने निघाले.

आता दूध का कमी होतं ते सांगते. पोटात बाळ असलं की जे हार्मोन वाढतात तेच दूध बनणं कमी करतात. एरवी जास्त पाजलं की जास्त दूध येतं, हा नियम इथं नीट चालत नाही. चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत बहुतेकींचं दूध चांगलंच कमी होतं, काहींचं त्याच्याही आधी, पुढं त्याचं चीक व्हायला लागतं, चव बदलते, काही लेकरं स्वतःच सोडतात. त्यात तुमची काहीच चूक नाही बायांनो, आणि कुठलीच पावडर हे फिरवू शकत नाही. उलट मेथी जास्त प्रमाणात गरोदरपणात नको, गर्भाशय आकुंचन पावायची शक्यता असते (भाजीला, फोडणीला हरकत नाही, लाडू आणि कॅप्सूल मात्र थांबवा). शतावरी कल्प किंवा उलटीची म्हणून मिळणारी गोळी दूध वाढवायला आपल्या मनानं तर अजिबात घेऊ नका.

सासूबाईंना दुसरीच भीती होती, पोटुशीचं दूध लेकराला बाधतं. बाधत नाही. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की पाजायला हरकत नाही. आधी दिवस भरायच्या आत बाळंतपण झालेलं असेल, रक्त जात असेल किंवा जुळं असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारायचं, आणि पाजताना पोटात कळा येऊन थांबेनात तर लगेच दवाखाना.

मग आमचं सगळं लक्ष लेकराच्या ताटाकडं वळलं. सासूबाईंची माया लाडवातून काढून तिकडं लावली म्हणा. मुगाची मऊ खिचडी वर तूप, वरणात कुस्करलेली भाकरी, शेंगदाण्याचं बारीक कूट, अंडं, केळं, दिवसातून तीन-चार वेळा. वर्षाच्या आत गाईम्हशीच्या दुधावरच पोट भरायचं नाही, त्यात लोह फार कमी असतं, वरचं कुठलं दूध किती द्यायचं ते बालरोगतज्ज्ञांना विचारून आणि वाटीचमच्यानं, बाटली नको. अंगणवाडीत वजन करून कार्डावर टाकायला लावलं, कारण दूध पुरतंय का हे आईच्या छातीवरून नाही, लेकराच्या वजनावरून आणि लघवीवरून कळतं, दिवसरात्रीत सहा वेळा तरी व्हायलाच पाहिजे. हिची लोहाची आणि फॉलिक ॲसिडची गोळी सुरू झाली. तिला पाचवा महिना लागला तेव्हा लेकरानं आपणहून अंगावरचं सोडलं, वजन मात्र वाढत राहिलं.

तिनं हे बाळ ठेवायचं ठरवलं. ज्यांना लगेच दुसरं नको त्यांनी लाजून गप्प बसू नका आणि मेडिकलमधून गर्भ पाडायच्या गोळ्या तर आणूच नका, गर्भपाताची कायद्यानं सोय आहे, जितकं लवकर डॉक्टरांकडं जाल तितकं सोपं.

टेस्ट निगेटिव्ह आली तर मात्र कारण दुसरीकडं शोधायचं. कापूस वेचायला दिवसभर रानात, लेकरू घरी बाटलीवर, असं असेल तर दूध उतरणारच, रात्री आणि सकाळी जास्त वेळा पाजा, रानात हातानं पिळून काढा. माला-एन ही पाळणा लांबवायची गोळी चालू केलीय का बघा, त्यातलं इस्ट्रोजेन दूध कमी करू शकतं, त्याऐवजी छाया गोळी किंवा अंतरा इंजेक्शन सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. रक्त कमी आहे का, थायरॉइड आहे का तेही तपासून घ्या.

आणि बाळ सहा महिन्यांच्या आतलं असताना टेस्ट पॉझिटिव्ह आली तर वाट बघू नका, त्याला दुसरा आहारच नसतो. त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडं जाऊन वजन दाखवा, लागलं तर ते पावडरचं दूध लिहून देतील, ते डब्यावर लिहिलेल्या मापानंच करा, पुरवायला म्हणून पातळ करू नका. बाळ सुस्त पडलं, टाळू खोल गेली किंवा लघवी कमी झाली तर त्याच दिवशी, रात्र असली तरी.