अंसच्छदा: खांदा की दंड?

दर्यापूर तालुक्यातल्या एका आशाताईंचा प्रश्न आहे: "भाचीच्या आयुर्वेदाच्या पुस्तकात खांद्यापाशी 'अंसच्छदा पेशी' लिहिलं आहे. ते 'अंशच्छदा' हवं ना? आणि पेशी तर सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाही, मग एवढी मोठी कशी? गावात याला काय म्हणायचं?"

'स'च बरोबर. अंश म्हणजे भाग, अंस म्हणजे खांदा. मराठीत हा अंस एकटा सहसा भेटत नाही. भेटला तर 'अंसफलका'त, म्हणजे खांद्याच्या पात्यात, फऱ्यात. 'छद' म्हणजे झाकणारं. आच्छादनातलाच तो धातू. मधला 'च्' संधीचा, वृक्ष आणि छाया मिळून वृक्षच्छाया होते तसा. थोडक्यात, खांद्याचा सांधा झाकणारा स्नायू. डॉक्टर त्याला डेल्टॉइड म्हणतात, ते ग्रीक डेल्टा या त्रिकोणी अक्षरावरून. मला संस्कृत नाव उजवं वाटतं. ग्रीक अक्षर ओळखणारे आपल्यात किती?

पेशीचा घोळ मात्र खरा आहे, आणि तो मराठीचा आहे. सुश्रुतसंहितेत शरीरात ५०० पेशी आणि ९०० स्नायू सांगितले आहेत. तिथे पेशी म्हणजे मांसाचा स्नायू, आणि 'स्नायु' म्हणजे सांधे बांधून ठेवणारे तंतू. हिंदीत मांसपेशी अजून त्याच अर्थाने चालते. आपल्या शाळेच्या विज्ञानात मात्र मांसाचा झाला स्नायू, आणि मोकळी झालेली पेशी सूक्ष्म घटकाला दिली गेली. बंगालीत तर स्नायु म्हणजे मज्जातंतू! म्हणून मराठीत लिहिताना 'अंसच्छद स्नायू' असं पुल्लिंगी लिहावं. भाचीने परीक्षेत पुस्तकातलंच लिहावं, ते वेगळं.

आता गावाचं. आपल्याकडे खांदा म्हणजे ओझं टेकतं ती जागा. फवारणीच्या पंपाचा पट्टा रुततो, तिरडीला खांदा देतात, तो मान आणि खांद्याच्या टोकामधला भाग. तिथला स्नायू वेगळा, त्याचं शास्त्रीय नाव पृष्ठच्छदा. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणीला 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' म्हणत आपण बैलाच्या ज्या खांद्याला तूप-हळद लावतो, तोही जू बसतं तिथला, वशिंडाच्या पुढचा. अंसच्छद ओझं घेत नाही, तो हात बाजूला वर उचलतो. वाक्प्रचारांत तो सापडतो तो 'खांद्याला खांदा लावून' मध्ये. दोन माणसं शेजारी उभी राहिली की एकमेकांना टेकतात ते हेच दोन स्नायू.

त्यामुळे 'माहा खांदा लय दुखून रायला' असं कोणी सांगितलं, तर आधी बोट ठेवून दाखवायला सांगा. मानेजवळ बोट गेलं तर अंसच्छदाचा संबंध कमी. हात बाजूने उचलताना कळ आली तर त्याचा किंवा आतल्या सांध्याचा, हे मग डॉक्टर ठरवतील.

लसीच्या वेळीही 'खांद्यात सुई' म्हटलं की बाया पदर सारून मानेजवळची जागा पुढे करतात. मोठ्यांना स्नायूत देतात ती लस अंसच्छदाच्या जाड भागात, खांद्याच्या टोकाच्या हाडाखाली दोन-तीन बोटांवर टोचतात. त्या जागेला गावात दंडच म्हणतात. तुम्ही लसीकरणाच्या फलकावर 'दंडाच्या वरच्या भागात' एवढंच लिहा.