भिशीचे ११,००० आणि अंगणवाडी

ताई, संक्रांतीचं वाण न लुटता तुम्ही भिशीतल्या २२ जणींनी प्रत्येकी ५०० काढून ११,००० जमवलेत, आणि अंगणवाडीतून पहिलीत जाणाऱ्या मुलांना दप्तर-पाटी-अंकलिपी द्यावी का, असं विचारलंय. आधी भांडून घेते: दप्तरं नकोत.

आमच्या मंडळाचं हे बारावं वर्ष. पहिल्या वर्षी आम्ही अंगणवाडीला प्लास्टिकची रंगीत खेळणी दिली, फोटो काढले, पेढे खाल्ले. चार महिन्यांनी गेलो तर खेळणी कपाटात आणि कपाटाला कुलूप. सेविका म्हणाली, "मॅडम, सगळं डेड स्टॉकला, म्हणजे कायमच्या वस्तूंच्या नोंदवहीत, चढलंय. एक तुकडा हरवला तर जबाब मी द्यायचा." तिचं काय चुकलं? वस्तूबरोबर तिच्या गळ्यात जबाबदारीही आपणच बांधली होती.

तेव्हापासून संपणाऱ्या वस्तू देतो. चिकणमाती, जाड खडू, घोटीव कागद, खळ, ओवायला मोठे मणी आणि बुटांच्या नाड्या. माती मळून, मणी ओवून बोटांत ताकद आली की पेन्सिल आपसूक धरली जाते. अंकलिपी पाठ असलेलं पण 'मला शू लागली' हे बाईंना सांगता न येणारं पोर पहिलीत पहिल्याच आठवड्यात रडतं, हे मी पाहिलंय.

यात आमची अक्कल काही नाही. बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर नेलं. आदिवासी मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. शिंपले, बिया, खडे, पानं हीच साधनं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा. आजच्या अंगणवाड्या जिच्यातून चालतात ती सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली २ ऑक्टोबर १९७५ ला. म्हणजे बायकांनी जे आधी करून दाखवलं, ते सरकारने ३० वर्षांनी उचललं.

दुसरा खर्च चित्रांच्या पुस्तकांवर करा. नॅशनल बुक ट्रस्ट आणि प्रथम बुक्स यांची मराठी पुस्तकं स्वस्त असतात. प्रथम बुक्सच्याच स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर तर गोष्टी फुकट आहेत, छापून घ्यायलाही हरकत नाही. पुस्तकं फाटणार हे मात्र सेविकेला आधीच लेखी देऊन टाका: 'फाटली तर तक्रार नाही.' आमच्या त्या चिठ्ठीने कुलूप उघडलं.

आणि आयांना विसरू नका. 'पहिले पाऊल' या शाळापूर्व तयारीच्या अभियानात गावोगाव आयांचे माता गट झाले होते. तुमच्याकडे तसा गट असेल तर तुमच्यातल्या दोघींनी आठवड्याला तासभर जाऊन बसावं. भाजी निवडताना मुलांना देठ-पानं वेगळी करायला लावणं, पोळ्या मोजायला लावणं, एवढंच सांगायचं. पैसा लागत नाही, म्हणून कोणी देत नाही.

एक जाता जाता. वाणाऐवजी पैसे काढायचे ठरल्यावर, ज्यांना हळदीकुंकवाला कोणी बोलावत नसे त्या बायकाही आमच्यात आल्या. आज हिशेब त्यांच्यातलीच एक ठेवते, आणि पै इकडची तिकडे होत नाही.

अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या पर्यवेक्षिकेला साधा अर्ज द्या, खाऊ नेणार असाल तर तिला विचारूनच. आयकरात वजावट हवी असेल तर देणगीच्या सवलतीसाठी आयकर विभागाची मान्यता असलेल्या संस्थेमार्फत द्या, रोख २,००० च्या वर नको. नव्या करप्रणालीत मात्र ही सवलत नाही.

सगळे ११,००० जूनमध्ये उडवू नका. पहिलीला निघालेल्यांना तसाही उशीर झालाय, चार वर्षांची जी मागे राहतात त्यांच्याकडे बघा. चार हजार आता, बाकीचे दिवाळीनंतर. तोवर माती संपलेली असते. यादी करण्याआधी एका सकाळी नुसत्या जाऊन बसा. फोन पर्समध्ये ठेवा आणि घरातली रद्दी घेऊन जा, फाडायला-चिकटवायला लागतेच.