पॉश, पोशाख आणि मोसम : एका पाटीवरचे तीन शब्द

एका वाचक भगिनींनी विचारलेला प्रश्न असा आहे. दादरच्या एका कापडदुकानाबाहेर त्यांनी ‘पॉश पोशाखांचा मोसमअखेर सेल’ अशी पाटी पाहिली. सोबत असलेल्या भाच्याने त्यांना सांगितले, की ‘पॉश’ हा मुळात शब्दच नव्हे. ती चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे असून दोन महायुद्धांच्या दरम्यान विलायत ते मुंबई धावणाऱ्या मोठ्या आगबोटींच्या तिकिटांवर ती छापली जात. दुकानदाराचे म्हणणे निराळे होते. त्याच्या मते ‘पॉश’ म्हणजे आपल्या पोशाखातला ‘पोश’च, साहेबाने उचललेला आणि थोडा वाकवून परत केलेला. दोघांपैकी खरे कोणाचे, आणि पाटीवर ‘पॉश’ लिहावे की ‘पोश’, अशी त्यांची पृच्छा आहे.

माझ्या समजुतीप्रमाणे दोघांचेही म्हणणे टिकत नाही. मात्र त्या पाटीवर समुद्राशी आणि शिडांशी जुने नाते असलेला एक शब्द खरोखरच आहे. तो ‘पॉश’ नव्हे, त्याच ओळीत पुढे बसलेला ‘मोसम’ होय. त्याच्याकडे शेवटी येतो.

आधी भाच्याची कथा, कारण ती ऐकायला इतकी पटणारी आहे की शिकलेसवरलेले लोकही ती खात्रीने सांगतात. ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’, म्हणजे जाताना जहाजाची डावी बाजू आणि घरी परतताना उजवी बाजू, या शब्दांच्या आद्याक्षरांतून ‘पॉश’ झाला, असे ती सांगते. यातला भूगोल चुकीचा नाही. सुवेझचा कालवा 1869 साली खुला झाल्यावर इंग्लंडहून मुंबईला येणारी टपालाची आगबोट भूमध्य समुद्रातून त्या कालव्यात शिरे आणि पुढे तांबड्या समुद्रातून आग्नेयेकडे एडनला उतरे. या वाटेवर जहाजाची डावी बाजू साधारण पूर्वेकडे राहते. त्या बाजूच्या खोलीवर ऊन येते ते सकाळचे. दुपार कलली की खोली सावलीत जाते आणि निजायच्या वेळेपर्यंत तिचे लोखंड बरेचसे निवते. उजव्या बाजूच्या खोलीवर दिवसाचे शेवटचे, सर्वांत तापलेले ऊन पडते आणि प्रवासी अंथरुणाला पाठ टेकतो तेव्हा भिंतीची धग अजून गेलेली नसते. परतीच्या वाटेवर हे सगळे उलटते. खोली थंड करण्याचे यंत्र नव्हते त्या दिवसांत ऐपतदार माणसाने सावलीची बाजू मागून घेतली असेल, हे सहज मानण्यासारखे आहे. तांबड्या समुद्रातला उकाडा तर असा, की रात्रीच्या जेवणाला कोट न घालता बसण्याची जी सवलत तिथे मिळे, तिच्यावरून त्या वेषाला इंग्रजीत ‘रेड सी रिग’ हे नावच पडले. खोलीत वारा सोडणाऱ्या, हवी तिकडे वळवता येणाऱ्या गोल झरोक्याला जहाजवाले ‘पंका लूव्हर’ म्हणत. त्यातला ‘पंका’ हा आपला पंखा आहे.

परंतु सावलीची खोली लोक मागत असतील, एवढ्यावरून त्या खोलीच्या तिकिटावर चार अक्षरांचा शिक्का होता असे ठरत नाही. मुंबईची टपाल वाहतूक ज्या पेनिन्सुलर अँड ओरिएंटल, म्हणजे पी. अँड ओ. कंपनीकडे होती, तिचे असे शिक्का असलेले एकही तिकीट आजवर पुढे आलेले नाही. त्या काळच्या प्रवाशांची पत्रे, रोजनिश्या, सामानाच्या चिठ्ठ्या मात्र पुष्कळ राहिल्या आहेत. प्रवासात लागणार नाही अशा पेटीवर चिकटवायची ‘नॉट वाँटेड ऑन व्हॉयेज’ ही चिठ्ठी आजही जुन्या ट्रंकांवर पाहायला मिळते. सामानावरच्या साध्या कागदाची आठवण राहिली आणि सर्वांत मानाच्या तिकिटाची राहिली नाही, हे मला पटत नाही.

दुसरा पुरावा तारखांचा आहे आणि तो अधिक भक्कम आहे. झकपक, ऐटबाज या अर्थी ‘पॉश’ पहिल्या महायुद्धाच्या काळातच छापलेला सापडतो. सप्टेंबर 1918 च्या ‘पंच’ या इंग्रजी विनोदी साप्ताहिकातील एका व्यंगचित्रात एक तरुण वैमानिक अधिकारी आपल्या आईशी बोलताना तो वापरतो आणि तिथे त्याचा जहाजाशी काडीचाही संबंध नाही. आद्याक्षरांची कथा मात्र छापील स्वरूपात दिसते ती ऑक्टोबर 1935 मध्ये, ‘टाइम्स लिटररी सप्लिमेंट’ला आलेल्या एका पत्रात, आणि त्या पत्रातही ती अमेरिकी जहाजधंद्यातली संज्ञा म्हणून दिलेली आहे. म्हणजे शब्द आधी रुळला, कथा मागाहून आली. तिसरे असे, की आद्याक्षरे जोडून उच्चारायचा शब्द घडवण्याची रीत इंग्रजीत जोमाने वाढली ती विसाव्या शतकात, मुख्यतः दोन महायुद्धांमुळे. अशा शब्दांना नाव देणारा ‘अ‍ॅक्रोनिम’ हा शब्दसुद्धा 1940 च्या दशकातच रूढ झाला. एखाद्या जुन्या शब्दाची उकल कोणी आद्याक्षरांनी करू लागला, की सावध व्हावे ते यासाठी.

ही कथा मराठी माणसाने जशीच्या तशी सांगावी, याचेही मला नवल वाटते, कारण तिच्यातले ‘जाणे’ आणि ‘घर’ दोन्ही इंग्रजांचे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर पहिल्या गोलमेज परिषदेसाठी 4 ऑक्टोबर 1930 रोजी मुंबईहून निघाले ते ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ या आगबोटीने. महात्मा गांधी दुसऱ्या परिषदेसाठी 29 ऑगस्ट 1931 रोजी ‘राजपुताना’ने निघाले. दोन्ही जहाजे पी. अँड ओ.चीच. या प्रवाशांचे घर मागे बॅलार्ड पिअरच्या बाजूला राहिले होते आणि तांबड्या समुद्रात त्यांच्या जाण्याच्या वाटेवर सावलीची बाजू उजवी होती. मुंबईकराच्या तोंडी ती आद्याक्षरे नेमकी उलटी व्हायला हवी होती. ‘पॉश’ शब्दाची ही उकल कोणाच्या तोंडी घडली असेल, हे यावरून कळते. आणि आपण ती पाठ म्हणून दाखवतो तेव्हा बोटीत कोणत्या बाजूने चढत आहोत, हे आपल्या ध्यानात राहत नाही.

आता दुकानदाराचा मुद्दा. तो भाच्याच्या कथेपेक्षा मला जवळचा वाटतो, कारण त्यात आपल्या भाषेची खरी श्रीमंती आहे. फारसीत ‘पोशीदन’ म्हणजे झाकणे, पांघरणे, नेसणे. त्यातून आलेला ‘पोशाख’ मराठीत असा मुरला, की त्याला आपण ‘पोषाख’ असा संस्कृत वळणाचा ष देऊनही पाहिला. अंगावर चांगला दिसणारा पण कामाला न येणारा, या अर्थाने ‘पोशाखी’ हे विशेषणही आपण तयार केले. ‘पोशाखी पुढारी’ म्हटले की आणखी काही सांगावे लागत नाही. याच घराण्यातला ‘सरपोस’ तबकावर पडतो आणि ‘पलंगपोस’ अंथरुणावर. ‘पायपोस’ म्हणजे पायांचे आच्छादन, वहाण किंवा जोडा. हा शब्द एकटा आता फारसा भेटत नाही, पण ‘कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही’ या वाक्प्रचारात तो ठणठणीत जिवंत आहे. सेलच्या दिवशी चपलांच्या दुकानात खोकी उघडी पडलेली असतात, डाव्या पायाचा जोड सापडत नसतो आणि एकाने बाजूला काढून ठेवलेला उजवा दुसराच कोणी घालून पाहत असतो. वाक्प्रचार ज्या प्रसंगातून निघाला तो प्रसंग तिथे अक्षरशः डोळ्यांसमोर घडतो. ‘पोशिंदा’ मात्र या घराण्यातला नव्हे. तो ‘पोसणे’ आणि संस्कृत ‘पोष’ यांच्याकडचा आहे.

असा हा ‘पोश’ साहेबाने उचलला असेल का? ‘सफेदपोश’ म्हणजे पांढरे कपडे घालणारा, अर्थात बऱ्या स्थितीतला माणूस, या शब्दावरून इंग्रजी ‘पॉश’ आला असावा, असे काहींनी सुचवलेही आहे. कपड्यांचे कितीतरी शब्द इंग्रजांनी इथून नेले, त्यामुळे कल्पना अशक्य नाही. पायजमा गेला, कमरबंद गेला, डोंगरी नावाच्या जाडसर कापडाचा ‘डंगरी’ झाला. पण असे शब्द जाताना पाऊलखुणा सोडून जातात. ‘ब्लाइटी’ हा शब्द पाहावा. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकांतला इंग्रज शिपाई मायदेशाला ‘ब्लाइटी’ म्हणू लागला. तो ‘विलायती’चा, उत्तरेकडच्या बोलीतल्या ‘बिलायती’चा अवतार आहे. हिंदुस्थानात राहिलेल्या गोऱ्या पलटणींच्या बोलण्यात तो आधीपासून होता आणि त्याची वाट पावलापावलाने दाखवता येते. ‘पॉश’च्या बाबतीत अशी मधली पायरी एकही मिळत नाही. ‘पोश’ हा नेहमी समासाच्या शेवटी येणारा घटक आहे. तो एकटा, ‘ऐटबाज’ या अर्थाने, इथल्या कोणत्याही भाषेत वापरात नव्हता. उच्चारातही फरक आहे. आपला ओ दीर्घ आणि गोल. इंग्रजीतला ऑ ऱ्हस्व आणि उघडा. केवळ ध्वनी जुळतो आणि अर्थ शेजारचा आहे, एवढ्यावर नाते जोडणे मी योग्य मानत नाही.

मग ‘पॉश’ आला कुठून? इंग्रजी कोशकार त्याची व्युत्पत्ती अनिश्चित मानतात आणि ते प्रामाणिकपणाचे आहे. एक धागा मात्र सांगण्याजोगा आहे. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या हलक्या बोलीत ‘पॉश’ म्हणजे चिल्लर नाणे, पैसा. शतकाच्या अखेरीस त्याच बोलीत ‘पॉश’ म्हणजे छानछोकीचा माणूस. यातला पहिला अर्थ रोमानी भाषेतल्या, म्हणजे युरोपात फिरस्तीवर राहिलेल्या रोमा लोकांच्या भाषेतल्या, ‘अर्धा’ या अर्थाच्या शब्दावरून आला; अर्ध्या पेनीच्या नाण्याला ते लोक तो लावीत. पैसा, मग पैसेवाला, मग त्याची ऐट, असा प्रवास झाला असेल, तर गोष्ट विलक्षण आहे. रोमानी ही मुळात आपल्याच भाषाकुळातली आहे आणि ‘अर्धा’ दाखवणारा तिचा शब्द संस्कृत ‘पार्श्व’पासून, ‘बाजू’ या अर्थापासून, निघालेला आहे. त्याच ‘पार्श्व’चा मराठी वंशज आपण दिवसातून पन्नास वेळा उच्चारतो : घरापाशी, दारापाशी, माझ्यापाशी. हा धागा खरा ठरला, तर ‘पॉश’चे मराठीतले आप्त ‘पोशाख’ नसून ‘पाशी’ हे साधे शब्दयोगी अव्यय ठरेल. पहिल्या अर्थातून दुसरा निघाला याला पक्का पुरावा नाही, म्हणून मी तो ‘असेल तर’ या शब्दांतच ठेवतो.

आता ‘मोसम’. हा शब्द अरबी ‘मौसिम’. त्याच्या मुळाशी खूण करणे हा अर्थ आहे, म्हणून मौसिम म्हणजे नेमलेला, ठरलेला काळ. तो हज यात्रेचाही असे आणि जत्रेचाही. अरबी समुद्रातल्या नाखव्यांनी तो जहाजे हाकारण्याच्या काळाला लावला. शिडाच्या जहाजाला मनात येईल तेव्हा निघता येत नसे. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा वारा आपला किनारा झोडपून काढतो आणि बंदरे बंद पडतात; हिवाळ्यात ईशान्येचा वारा सुटला की हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरून अरबस्तानाकडे आणि आफ्रिकेकडे जाण्याची वाट खुली होते. वाऱ्याने नेमून दिलेला हा काळ म्हणजे मौसिम. पोर्तुगीजांनी तो ऐकून ‘मोन्साँव’ केला, इंग्रजांनी त्याचा ‘मान्सून’ केला आणि तोच वर्तमानपत्रांच्या वाटेने आपल्याकडे परत आला. आज एकाच बातमीत ‘मान्सून’ आणि ‘मोसमी वारे’ असे दोन्ही छापले जातात, ते एकाच शब्दाचे दोन फेरे आहेत.

वाफेच्या इंजिनाने वाऱ्याची सत्ता मोडली, तरी मोसम पुरता सुटला नाही. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात विलायतेहून मुंबईकडे येणाऱ्यांची गर्दी होई ती ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पावसाळा सरल्यावर. आणि परत जाणाऱ्यांची मार्च-एप्रिलात, उन्हाळा कडक होण्याआधी. लंडनच्या मोठ्या दुकानांचे सेल वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत लागत. जुलैच्या सेलला निघे तो उन्हाळी माल, सुती झगे, लिननचे सदरे. तिथल्या गिऱ्हाइकाच्या दृष्टीने मोसम संपलेला माल. ऑक्टोबरच्या बोटीने मुंबईला निघायचे असलेल्या माणसाला मात्र नेमका हाच कपडा हवा, आणि मुंबईत तो वर्षभर चालणार. एकच सदरा एका किनाऱ्यावर मोसमअखेरचा आणि दुसऱ्या किनाऱ्यावर मोसमाच्या सुरुवातीचा ठरे. ‘मोसम’ हा शब्द कापडाच्या दुकानात इतका चपखल बसतो, तो उगाच नव्हे.

काहीजण पाटीवर ‘हंगामअखेर’ लिहितात. तेही शुद्ध आहे. ‘हंगाम’ हा फारसी शब्द आहे आणि त्याचाही अर्थ ‘वेळ, काळ’ असाच. पण मराठीत हंगामाला पिकाचा वास लागला आहे, ‘हंगामी’ला तात्पुरत्या नोकरीचा. कपड्यांसाठी मला ‘मोसम’च पसंत आहे.

राहिला लेखनाचा प्रश्न. पाटीवर ‘पॉश’ हेच रूप बरोबर आहे, ऑकार देऊनच. विशेषण म्हणून ते अविकारी राहते : पॉश वस्ती, पॉश बंगला, पॉश कपडे. इंग्रजी अक्षरांत लिहिताना ते आद्याक्षरे असल्यासारखे टिंबे देऊन लिहू नये. ‘पोशाख’ शेजारी आला तरी हरकत नाही, कानाला गोड लागतो; एवढेच, की तो ‘पॉश’चा भाऊ नव्हे.